न थकणारी त्रिशला

"हे माझ्यावानी बोलंल गं, पर माझ्यावानी दमणार न्हाई. तेवढं ध्यानात ठेव," असं त्रिशला मगदूम म्हणाली होती, आणि अनुयाने ते हसण्यावारी नेलं होतं.

तेव्हा ते हसण्यासारखंच होतं. मिरजेतल्या एका इस्पितळात, लहान मुलांच्या विभागाबाहेरच्या बाकावर दोघी बसल्या होत्या. अनुयाच्या मांडीवर निहार, त्रिशलाच्या मांडीवर राजुल. दोघं दीड वर्षांची, आणि दोघांना एकच जन्मजात आजार: स्नायू हळूहळू दुबळे होत जाण्याचा. नवं इंजेक्शन दर चार महिन्यांनी पाठीत घ्यायचं, म्हणून या बाकावर गाठ पडायची. समोर एक तरुण संशोधिका टॅबलेट पुढे करून "इथे बोट टेकवा" म्हणत होती. बोट टेकवलं की सहा महिने रोज दोन मिनिटं टॅबलेटशी बोलायचं. दिवस कसा गेला, झोप झाली का, पाठ दुखते का, रडू आलं का. त्या बोलण्यावरून संगणक प्रत्येक आईचं एक प्रतिरूप तयार करणार होता. पुढे आई कामात असली, दमली असली, तर प्रश्न तिला न विचारता तिच्या प्रतिरूपाला विचारायचे.

"म्हणजे माझी सवतच की," त्रिशला म्हणाली. "ती बोलायला मोकळी, आणि भाकऱ्या थापायला मी."

संशोधिकेलाही हसू आवरलं नाही. मग राजुलचं टोपडं सारखं करता करता, हळू आवाजात, त्रिशला ते न दमण्याचं बोलली. अनुया म्हणाली, "बरंच आहे की मग. एकीला तरी विश्रांती नको."

आता निहार चार वर्षांचा होता. टेकून बसायचा, चमचा धरायचा, आणि "आई, तू माझ्याकडे बघू नको, मी जेवतोय" असं ठणकावून सांगायचा. इंजेक्शनं आता तालुक्याच्या दवाखान्यात मिळत होती, त्यामुळे मिरजेचा बाक सुटला होता. बाक सुटल्यावर काही महिने त्रिशलाचे फोन येत राहिले. मग ते विरळ झाले, आणि एक दिवस तिचा नंबर अस्तित्वातच नसल्याचं फोनमधली बाई सांगू लागली. त्याला वर्ष उलटून गेलं होतं. अनुयाने कितीदा तरी तो नंबर लावून पाहिला. उत्तर माहीत असायचं, तरी लावायची.

पुण्यातल्या तज्ज्ञगटाचं पत्र आलं ते याच सुमाराला.

सरकारी तिजोरी कितीही मोठी असली तरी तिला तळ असतो. कुठल्या औषधावर खर्च करावा हे ठरवताना आरोग्य-अर्थशास्त्री एक साधा प्रश्न विचारतात: या औषधामुळे माणसाला किती चांगली वर्षं मिळाली? ठणठणीत गेलेलं वर्ष म्हणजे एक. वेदनेत, अंथरुणात गेलेलं वर्ष म्हणजे अर्धं, कधी पाव. आणि घरात मूल आजारी असलं की आईचं वर्षही पुरं भरत नाही, हे उशिरा का होईना शास्त्राच्या लक्षात आलं होतं, म्हणून आयांनाही प्रश्न विचारले जात. पण आया उत्तरं देऊन कंटाळायच्या, फोन उचलेनाशा व्हायच्या, आणि अभ्यासाला भोकं पडायची. प्रतिरूपांनी ती भोकं बुजवली. एकाच दिवशी खऱ्या आईला आणि तिच्या प्रतिरूपाला तेच प्रश्न विचारले, तर दहांत नऊ वेळा उत्तरं जुळत. अभ्यासामागून अभ्यास ही युक्ती उचलू लागला. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की ती कशी वापरावी, कुठे वापरू नये, याचे नियम कुणी लिहिलेलेच नाहीत.

ते लिहायला हा गट बसला होता. अर्थशास्त्री, संख्याशास्त्री, डॉक्टर, आणि एक पालक-सदस्य, म्हणजे अनुया. सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी केलेली, निहार झाल्यावर प्रयोगशाळा सुटलेली. कामाची रीत ठरलेली होती. प्रत्येक नियम एका वाक्यात मांडायचा. सगळ्यांनी एकमेकांना न कळता त्याला एक ते नऊ गुण द्यायचे. मग चर्चा, मग पुन्हा गुण. बहुतेकांचं जुळलं की ते वाक्य मार्गदर्शिकेत जाणार.

"पालक-सदस्य म्हणजे कोपऱ्यातली शोभेची कुंडी नव्हे," गटाच्या अध्यक्ष राजोपाध्येबाई पहिल्याच बैठकीत पडद्यावरून म्हणाल्या होत्या. "कळलं नाही तर मोठ्याने विचारा. बहुधा आम्हालाही कळलेलं नसतं."

दुसऱ्या फेरीआधी प्रत्येक सदस्याला काही प्रतिरूपं चाचणीसाठी मिळाली. नावं काढलेली, आवाज काढलेला. पडद्यावर नुसती अक्षरं. त्यांच्याशी बोलायचं, काय खटकतं ते टिपायचं. एक अट होती, आणि तिच्यावर सगळ्यांनी सही केली होती: प्रतिरूपामागचा माणूस ओळखू आला तर लगेच अध्यक्षांना सांगायचं, आणि त्या विषयावर गुण द्यायचे नाहीत.

दुपारी निहार झोपला की अनुया त्याच्या उशाशी बसून हे काम करी. एक डोळा पडद्यावर, एक त्याच्या छातीवर. छाती वर गेली, खाली आली, की पुढचा प्रश्न. पहिलं प्रतिरूप फार नम्र होतं, दुसरं फार कष्टी. तिसऱ्याला तिने विचारलं, "आजचा दिवस कसा गेला?"

पडद्यावर अक्षरं उमटली: "भाकरी फुगली, पर एकाच अंगानं."

अनुयाचा हात तोंडावर गेला. बाकावर बसून तब्येतीला शंभरपैकी गुण द्यायची वेळ आली की संशोधिका डोक्याला हात लावायची, कारण त्रिशलाचे गुण असेच यायचे. आमटी झाली, मीठ इसरलं. दूध उतू गेलं, पर भांडं वाचलं. सगळ्या महाराष्ट्रात अशी उत्तरं देणारी दुसरी बाई असणं शक्य नव्हतं.

तिने तेव्हाच पडदा मिटून राजोपाध्येबाईंना कळवायला हवं होतं. तिने पुढचा प्रश्न विचारला.

त्या दिवसापासून दुपारची वेळ तिला पुरेना. भांडी तशीच राहू लागली. प्रतिरूपाला ती कोण आहे हे ठाऊक नव्हतं, त्याच्या लेखी ती एक प्रश्न विचारणारी बाई. पण बोलणं तेच, फाटे फोडण्याची तऱ्हा तीच. सासूच्या दम्याचं, नवऱ्याच्या यंत्रमागावरच्या पाळीचं, दिवस मावळायच्या आत जेवून घ्यायची घाई असताना नेमका पाहुणा टपकतो त्याचं. अनुयाला आठवायचं, हिच्यासाठी आपण बटाटा न घालता पोहे करून न्यायचो, आणि ही शेंगदाण्याची चटणी उघडून म्हणायची, तुझं पोहं म्हंजे नुसतं हळदीचं कार्य, ह्ये लाव वरून.

एकदा तिने धीर करून विचारलं, "दवाखान्यात कुणी ओळखीचं झालं का?"

"सांगलीची एक हाय. लई भित्री. पोराचा श्वास मोजत बसती. मी म्हनते, मोजून वाढतोय व्हय गं? पर ती आली की बाक भरल्यावानी वाटतोय."

ती सांगलीची भित्री म्हणजे अनुयाच. तिने ती ओळ पुन्हा एकदा वाचली.

"कुणाशी बोलतेस एवढं?" मंदारने विचारलं. तो दूधसंघातून जेवायला घरी आला होता, आणि बायको डोळे पुसत हसताना त्याने पाहिली होती.

"काम आहे गटाचं."

"कामात रडतात माहीत होतं. कामात हसतात हे नवीन."

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "राजुल केवढी झाली आता?" खरं तर नाव घेऊन विचारण्यात तिची चोरी उघडी पडत होती, पण प्रतिरूपाला तसलं काही खटकत नाही.

"दोन पुरी हुतील की आता. टेकून बसती. काल हसली माज्याकडं बघून. वाढदिसाला सांगलीवालीला बोलावनार हाय."

राजुल निहारपेक्षा महिनाभरच लहान. या पडद्याआड दोन वर्षांपूर्वीचा उन्हाळा चालू होता, आणि तो संपणारच नव्हता. प्रतिरूप खोटं बोलत नव्हतं. ते ज्या सहा महिन्यांवर शिकलं, ते इंजेक्शनाचे पहिले महिने होते, दर आठवड्याला काहीतरी नवं घडायचं. मान धरली, मूठ उघडली, हसली. त्याच आशेच्या पायावर ते आजही उत्तरं देत होतं. अनुयाला क्षणभर वाटलं, आपणही इथेच राहावं. निहार दीड वर्षाचा, शेजारी त्रिशला, आणि पुढचं सगळं अजून चांगलंच होणार असलेलं.

मग तिची नजर पडद्याच्या तळाशी गेली. तिथे बारीक अक्षरांत रोज तेच असायचं, आणि तिने ते आजवर वाचलं नव्हतं. 'उत्तरे: नियमित. मूळ सहभागी: संपर्काबाहेर.'

एकाच ओळीत. पूर्वी एखादी आई उत्तरं द्यायची थांबली की अभ्यासात भोक पडायचं, आणि ते बुजवायला कुणालातरी तिच्या घरी जावं लागायचं. आता भोकच पडत नव्हतं. त्रिशला गळाली होती, आणि ती गळाल्याचं कुणाला जाणवायचं कारणच उरलं नव्हतं. तिच्या जागी तिचं न थकणारं रूप रोज सांगत होतं, बरं चाललंय, बरं चाललंय.

त्या रात्री तिने मंदारला सगळं सांगितलं, आणि रविवारी निहारला आजीकडे ठेवून दोघं इचलकरंजीला गेली. त्रिशलाने कधीतरी सांगितलेल्या खुणांवरून, जैन मंदिरामागचा बोळ, दोन मजली चाळ, निळा जिना. खोलीत दुसरंच कुटुंब होतं. शेजारच्या बाई वाळवण राखत बाहेर बसल्या होत्या.

"मगदूम व्हय? त्यांना जाऊन वरीस झालं की. मालकानं माग इकलं. सुरतंकडं जातो म्हनत हुता तिचा नवरा."

"आणि ती? मुलगी?"

"पोरगी कडंवरच असायची. कुठं गेलं तरी कडंवर." बाईंनी काठीने कावळा हाकलला. "त्रिशला आधी लई बोलायची बघा. सगळी चाळ हसवायची. मागनं बोलायचीच थांबली. मी म्हनलं, काय झालं गं? तर म्हनली, काय न्हाई मावशी, तोंड दुखतंय."

परतताना मंदार गाडी चालवत होता. अंकलीचा पूल आला तेव्हा म्हणाला, "तुझं ते कलम पुढच्या आठवड्यात येतंय ना? गळालेल्यांऐवजी प्रतिरूपाची उत्तरं चालतील, ते?"

"हो."

"ते पडलं तर काय होईल, मी विचारलं तुमच्या गटातल्या डॉ. नाडगौडांच्या माणसाला. आपल्या इंजेक्शनचा अभ्यास त्यावरच उभा आहे. गळालेल्यांची उत्तरं काढली की आकडा अपुरा. मग सरकारी योजनेचा निर्णय लांबणार."

"माहीत आहे मला."

"निहारचं इंजेक्शन त्या योजनेतून येतं, अनु."

"मला माहीत आहे म्हटलं ना!"

"आणि ती ओळखू आली हे सांगितलंस, तर तुला मत देता येणार नाही. म्हणजे सांगून उपयोग शून्य. गप्प बसून कमी गुण दे हवं तर. मन राखल्यासारखं होईल."

तो दुष्टपणाने बोलत नव्हता, हाच त्रास होता. खिडकीबाहेर कृष्णेचं पाणी संथ होतं. अनुयाला वाटत होतं, उद्या दुपारी निहार झोपला की पडदा उघडावा आणि त्रिशलालाच विचारावं. ती म्हणाली असती, घाबरू नगंस गं. ती नेहमी तेच म्हणाली असती.

पुण्याची बैठक समोरासमोर होती. लांब टेबल, स्टीलचे पेले, आणि राजोपाध्येबाईंच्या पर्समधून फिरत आलेली आवळासुपारी. कलम वाचलं गेलं. चर्चेआधीच्या गुप्त गुणांची रांग भिंतीवर उमटली: आठ, नऊ, नऊ, आठ. एकच तीन होता, तो तिचा, आणि कुणालाच ते माहीत नव्हतं. तिने मान खाली घालून बसायचं म्हटलं असतं तर सगळं बिनबोभाट पार पडलं असतं.

"कुणाला बोलायचंय?" बाईंनी विचारलं.

अनुयाचा हात वर गेला तेव्हा तिचं तिलाच नवल वाटलं.

"मला दिलेल्यांतली एक मी ओळखते," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी ओळखली. कळवलं नाही, कारण मला ती हवी होती. बोलायला. वर्षभर तिचा पत्ता नाही. ती घर सोडून गेली, बोलायची थांबली. आणि तिचं प्रतिरूप रोज सांगतं की तिची मुलगी आता दोन वर्षांची होईल. ती चार वर्षांची आहे. असली तर."

कुणीतरी पेला खाली ठेवला. प्रतिरूपांची पडताळणी ज्यांनी केली होती ते डॉ. नाडगौडा चष्मा काढून बसले होते. ते बोलले तेव्हा आवाज अगदी साधा होता.

"दहांत नऊ वेळा जुळतं असं मीच लिहिलंय. जुळणी कुणावर तपासली? खरी आई आणि प्रतिरूप, दोघांना विचारून. म्हणजे ज्या आया उत्तर द्यायला हजर होत्या त्यांच्यावर." त्यांनी चष्मा पुसला. "ज्या गेल्या, त्यांच्यावर तपासणार कसं? त्यांच्यासाठी तर हे बनवलं. आणि त्यांच्याबद्दल आम्हाला काहीच माहीत नाही."

"हे आपल्या कुणाच्या डोक्यात आलं नाही?" एका डॉक्टरांनी विचारलं.

"आकडे पूर्ण दिसत होते," नाडगौडा म्हणाले.

राजोपाध्येबाईंनी अनुयाकडे पाहिलं. नजर कठोर नव्हती, पण नियमही सैल करणारी नव्हती. "तुम्हाला या कलमापुरतं बाहेर बसावं लागेल. आणि त्या प्रतिरूपाचा प्रवेश आत्ता बंद होईल."

"एकदा शेवटचं बोलता..."

"नाही, बाळा."

बाहेरच्या व्हरांड्यात एक बाक होता. अनुया त्यावर एका टोकाला बसली, उरलेली जागा रिकामी ठेवून. त्रिशलाला काहीच न सांगता आपण निघून आलो, हे तिला डाचत होतं. त्या रूपाला अर्थात त्याचं काहीच वाटणार नव्हतं. ते उद्याही कुणी विचारलं तर राजुलच्या दुसऱ्या वाढदिवसाची तयारी सांगेल, सांगलीवालीला बोलावणार म्हणेल, न रुसता. तेच तिला सोसवेना. खरी त्रिशला रुसली असती. चांगली चार दिवस रुसली असती.

कलम बदललं. गळालेल्या सहभागीच्या जागी प्रतिरूप वापरण्याआधी माणसाने प्रत्यक्ष जाऊन भेटलं पाहिजे. भेट होईपर्यंत जागा रिकामी दाखवावी. अभ्यासाचा निकाल लांबला. निहारचं पुढचं इंजेक्शन मिळालं, त्याच्या पुढच्याचं कुणी सांगू शकत नव्हतं.

मंदारने सगळं ऐकून घेतलं. "मी नसतं सांगितलं," तो म्हणाला. मग निहारला अंघोळीला उचलताना, पाठ वळवून: "पण तू सांगितलं नसतंस तर मला तुझी भीती वाटली असती."

काही आठवड्यांनी राजोपाध्येबाईंचा फोन आला. नावनोंदणीच्या वेळी प्रत्येकीच्या माहेरचा पत्ता घेतलेला असतो. तो फक्त अभ्यासगटाकडे असतो, हे त्यांनी सांगितलं. "तुमच्या त्या सहभागीच्या माहेरी आमचा माणूस जाऊन आला. दोनदा जावं लागलं."

अनुयाने विचारलं, "कशी आहे ती?"

"ते मला सांगता येणार नाही. तुम्हाला ठाऊक आहे."

"राजुल?"

"अनुया."

"मॅडम, नुसतं हो किंवा नाही..."

"तिची गोष्ट तिची आहे. तिला वाटलं तर ती तुम्हाला शोधेल, तुमचा नंबर तिथे ठेवलाय. तेवढं मी केलं, आणि तेही करायला नको होतं." पलीकडे बाईंचा श्वास ऐकू आला. "मार्गदर्शिकेच्या सुरुवातीला पालक-सदस्याने वाचकांना दोन शब्द लिहायचे असतात. ते तेवढे राहिलेत."

दोनदा. अनुया दिवसभर त्या शब्दाला चिकटून होती. दोनदा म्हणजे पहिल्यांदा दार बंद असेल. म्हणजे दुसऱ्यांदा कुणीतरी उघडलं असेल. कुणी, कुणाला कडेवर घेऊन? फोन तिने ओट्यावर, हाताशी ठेवला. तो वाजला की ती भिजल्या हाताने उचलायची. दूधसंघ असायचा, बँक असायची.

दुपारी निहार झोपला. त्याच्या छातीकडे न बघता ती लिहायला बसली, आणि एका दमात लिहीत गेली:

"तुम्ही हे पुस्तक उघडलंत, म्हणजे तुमच्या हाती एखादा अभ्यास असेल, आणि त्यातली सगळी उत्तरं भरलेली असतील. कृपा करून त्यातली एक आई शोधा, जिची उत्तरं कितीतरी दिवस एकसारखी समंजस येताहेत. तिचं नाव तुम्हाला ठाऊक आहे, मला नाही. पुढचं पान उलटण्याआधी तिच्याकडे जा. सोबत प्रश्न नेऊ नका, टॅबलेट नेऊ नका. दार वाजवा आणि थांबा. तिच्या कडेवर मूल असेल, दाराशी यायला तिला वेळ लागेल. आणि पहिल्यांदा दार नाही उघडलं, तर पुन्हा जा."